आठ आणेवाला उस्ताद

नामदेव उस्तादाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या मुठीत एका माणसाची मानगूट होती.

पांढुर्ण्याच्या स्टेशनासमोर कडुनिंबाखाली मोटारी लागत, तिथली ही गोष्ट. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं. मला मोहगावच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली होती आणि वडील मला ट्रंकेसकट मोटारीत बसवून द्यायला आले होते. त्या दिवशी सौंसरचा बाजार. बाजाराच्या दिवशी सगळे मोटारवाले भाडं दुप्पट करत आणि लोक मुकाट्याने देत, कारण बाजार काही उद्यावर ढकलता येत नाही. उस्तादाची मोटार तेवढी आठ आण्यांवर अडलेली असे. दिवाळी असो की लग्नसराई, पांढुर्णा ते सौंसर आठ आणे. म्हणून बाकीचे मोटारवाले त्याला 'आठ आणेवाला' म्हणून चिडवत.

मोटार भरली होती. एक कापसाचा व्यापारी उशिरा आला आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईकडे बोट दाखवून म्हणाला, "हिला उतरव. दोन रुपये देतो."

"थे आधी आली," उस्ताद म्हणाला. "तुमी मंगून आले. मोटारीत पैसा नाई बसत शेटजी, माणूस बसते."

व्यापाऱ्याने म्हातारीचं गाठोडं स्वतःच उचललं आणि खाली भिरकावलं. त्यातली ज्वारी धुळीत सांडली. पुढचं इतक्या पटकन झालं की मला फक्त आवाज आठवतो, ओल्या कपड्याचा दगडावर होतो तसा. व्यापाऱ्याची टोपी उडाली, ओठ फुटला. उस्तादाने त्याला मानगुटीला धरून खाली वाकवलं आणि म्हणाला, "येच." त्या माणसाने रडत रडत ज्वारीचे दाणे वेचले. कोणी मध्ये पडलं नाही.

मग उस्तादाने रेडिएटरच्या डब्यातल्या पाण्याने हात धुतले, वडिलांकडे वळून अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाई कुठी जाऊन राहिल्या?"

वडील क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "मोहगावला. आणि यापुढे दर वेळी तुझ्याच मोटारीने जाईल."

मारामारीनंतर हात धुणं ही त्याची सवयच होती. हात धुवायचा, दोन घोट पाणी प्यायचा आणि काही झालंच नाही असा चाकामागे बसायचा. उंच, हाडापेराने रुंद माणूस. लढाईत फौजेच्या लॉऱ्या चालवून आला होता आणि तिथला खाकी कोट भर उन्हाळ्यातही अंगावर असे. मोटारीला तो 'बुढी' म्हणायचा. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा तिच्या पाठीला कोळशाच्या गॅसची टाकी बसवली होती, ती तशीच होती. सकाळी ती टाकी पेटवून भाता मारता मारता अर्धा तास जाई. चढावर बुढी दमली की सगळे उतरून ढकलत. सुट्टी संपवून मी शाळेत पोचायची तेव्हा नाकपुड्या काळ्या झालेल्या असत आणि मुली तोंडावर पदर घेऊन हसत.

त्याचा सोबती भगवान. वीस-बावीस वर्षांचा, हसतमुख, उस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून लागला आणि मोटार चालवायला तिथेच शिकला. उतारावर उस्ताद त्याच्या हाती चाक द्यायचा आणि स्वतः बाजूला बसून त्याच्या प्रत्येक चुकीला पाठीत गुद्दा घालायचा. "मारलं नाई त हात शिकत नाई," असं त्याचं म्हणणं. भगवान पाठ चोळत हसायचा.

घरी तरी त्याचा हात उठत नसे, असं लिहायला मला आवडलं असतं. उठत असे. मोहगावला माझी खोली त्याच्या घराला लागून होती, त्यामुळे मला ते ऐकू यायचं. एक दिवस मात्र त्याची बायको सुभद्रा चुलीतलं जळतं लाकूड हातात घेऊन अंगणात आली. मी ओसरीवर वह्या तपासत बसले होते. ती ओरडली नाही. "आता उठवा हात," एवढंच म्हणाली. उस्ताद त्या लाकडाकडे बघत राहिला. मग उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "पाणी दे." तिने आधी लाकूड चुलीत सारलं, मग पाणी दिलं. त्यानंतर भिंतीपलीकडून तो आवाज मला कधी आला नाही.

पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या दोन काठांवरून सावरगाव आणि पांढुर्णा एकमेकांवर दगड चालवतात. उस्तादासारखा माणूस त्यात पुढे असेल असं कोणालाही वाटेल. तो जात नसे. त्या दिवशी तो मोटार नदीजवळ आणून उभी करायचा आणि डोकी फुटलेली माणसं दवाखान्यात पोचवायचा, भाडं न घेता. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "ज्याले मी मारतो, त्याचं तोंड पाहून मारतो बाई. हे काय, कोणाचा गोटा कोणाले!" हे सांगताना त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता. तोंड पाहून मारण्यात काय असतं ते पुढे त्यालाच कळायचं होतं.

पेट्रोल मोकळं झालं आणि सौंसरच्या एका शेटने चार नव्या मोटारी आणल्या. त्याचं नाव घेत नाही, नातवंडं भली माणसं आहेत. नव्या मोटारींना गाद्या होत्या, भोंगा होता, आणि भाडं होतं सहा आणे. लोक खूश झाले. पुढच्या महिन्यात चार आणे. मग दोन आणे आणि वर पांढुर्ण्याला उतरल्यावर कपभर चहा. बाकीचे दोघे-तिघे मोटारवाले एका हंगामात बसले. उस्तादाने आठ आणे सोडले नाहीत.

"थोडं कमी करा ना उस्ताद," मी म्हटलं. बुढीत त्या दिवशी मी, एक गोसावी आणि दोन बकऱ्या होतो.

"दोन आण्यात मोटार चालतच नाई बाई. टायरच्या रबराचे निंगत नाई. मी आठ घेतो थे कोळशाचे, टायरचे, भगवानच्या रोजीचे अन् माह्या भाकरीचे. त्यातलं काय कमी करू?"

"मग शेटला कसं परवडतं?"

"त्याले नाई परवडत. तो काही तरी इकत घेऊन राहिला."

"काय?"

त्याने समोर बोट दाखवलं. "हा रस्ता."

पैसे पुरेनात तेव्हा भगवान गेला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. कडुनिंबाखाली खाली मान घालून उभा राहिला आणि म्हणाला, "उस्ताद, शेटजी ड्रायव्हरी देऊन राहिले." उस्ताद बराच वेळ बुढीचा बोनेट पुसत राहिला. मला वाटलं आता हात उठतो. तो म्हणाला, "जा. त्या नव्या मोटारीचे ब्रेक डावीकडं ओढते. ध्यान ठेवजो."

तरीही काही लोक उस्तादाकडे येतच होते. म्हातारी माणसं, ज्यांना त्याने कधीतरी फुकट नेलं होतं ती. शेटला तेही नको होतं. त्याने कडुनिंबाखालच्या अड्ड्यावर लाठीवाले आणून ठेवले. ते उतारूंना दंडाला धरून ओढत शेटच्या मोटारीत कोंबत. एकदा तिगावची एक पोटुशी बाई बुढीच्या पायरीवर चढत असताना त्यांच्यातल्या एकाने तिचा पदर ओढला आणि ती पोटावर पडली. उस्तादाने मोटार चालू करायचा लोखंडी हँडल उपसला. माणूस स्वतःला वाचवायला हात वर करतो, तसा त्या लाठीवाल्याने केला. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, वाळल्या तुरीची काडी मोडावी तसा. बाकीचे तिघे पळाले. उस्तादाला ठाण्यात नेलं, दंड झाला. सुटून आला तो सरळ अड्ड्यावर.

मग त्यांनी बुढी जाळली. भर दुपारी, मोहगावच्या नदीकाठी, आमच्या शाळेसमोर. उस्ताद घरी जेवायला गेला होता. तिघे आले, त्यांनी मागच्या टाकीतले जळते निखारे आतल्या बाकांवर उलथले आणि चालते झाले. मुलींनी किंचाळून शाळा डोक्यावर घेतली. उस्ताद अनवाणी धावत आला आणि आग लागलेल्या मोटारीत चढला. ती उतारावरून पाण्यात घालायचा त्याचा विचार होता. त्याने चाक धरलं. चाक तापून लाल व्हायचं बाकी होतं. मोटार चार हात सरकली आणि काठावरच्या खडकाला अडली. सुभद्रेने आणि गावकऱ्यांनी त्याला ओढून काढलं तेव्हा तळहाताची कातडी चाकावर राहिली होती. तो वाळूत बसून बुढीकडे बघत होता. ओरडत नव्हता. त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा भीती वाटली.

महिना उलटायच्या आत शेटचं भाडं रुपया झालं. चहा बंद. रुपया नसेल त्याने पायी जावं किंवा दोन दिवस बैलबंडीत हाडं खिळखिळी करून घ्यावीत. लोक कडुनिंबाखाली शिव्या देत आणि रुपया काढत. दोन आण्यांत चहा प्यायलेले हेच लोक होते. उस्तादाने कोणाला काही ऐकवलं नाही. मोहगावच्या थांब्यावर पिंपळाखाली तो नुसता बसून असे. हात बरे झाले, पण उजव्या हाताची बोटं वाकडीच राहिली.

तो दिवस मी कितीदा तरी मनात उलगडून पाहिला आहे. मी पांढुर्ण्याहून शेटच्या मोटारीने येत होते. चाकावर भगवान. मोहगावच्या थांब्यावर एक म्हातारा तापाने फणफणलेल्या सुनेला घेऊन उभा होता. तिला सौंसरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्याच्याकडे आठच आणे होते.

"दोघांचा रुपया," शेटचा कंडक्टर म्हणाला.

"पहिले दोघांचे आठ आणेच होते बाप्पा," म्हातारा म्हणाला आणि पायरीवर पाय ठेवला. कंडक्टरने त्याच्या छातीवर पाय देऊन ढकललं. म्हातारा मागे पडला, डोकं पिंपळाच्या पाराला लागलं, आणि पांढऱ्या केसांतून रक्त खाली आलं. सून तिथेच बसली.

पारावरून उस्ताद उठला. त्याला पाहताच कंडक्टरने मागच्या बाजूने उडी टाकून शेतातून पळ काढला. उस्ताद त्याच्या मागे गेला नाही. तो पुढे आला, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि भगवानला ओढून काढलं. बाकाखालचा हँडल त्या वाकड्या बोटांत कसा मावला कोण जाणे.

"उस्ताद, मी नाई ढकललं!" भगवान ओरडला. "मी त गाडी चालवून राहिलो!"

"तूच त चालवून राहिला बे!"

पहिला घाव खांद्यावर बसला. भगवान गुडघ्यांवर आला. हात जोडत होता की तोंड झाकत होता, कळलं नाही. दुसरा घाव तोंडावर. मी खिडकीतून ओरडत होते. तिसऱ्यासाठी हँडल वर गेला तेव्हा सुभद्रा कुठून तरी धावत आली आणि भगवानवर आडवी पडली. "मारा," म्हणाली. "आता मले मारा."

हँडल खाली आला तो धुळीत. भगवानच्या उजव्या डोळ्याच्या जागी रक्ताचा गोळा होता. उस्ताद त्या चेहऱ्याकडे वाकून पाहत होता, जणू ओळख पटत नव्हती. मग त्याने त्याला लहान मुलासारखं उचललं, मोटारीत आणलं आणि मला म्हणाला, "बाई, याचं डोकं धरा." मी मांडीवर घेतलं. त्याने म्हाताऱ्याला आणि सुनेला आत घेतलं आणि त्याच वाकड्या बोटांनी शेटची मोटार सौंसरपर्यंत हाणली. माझं लुगडं मांडीपर्यंत भिजलं होतं. भगवान मध्येच कण्हत म्हणायचा, "ब्रेक डावीकडं ओढते उस्ताद..." आणि उस्ताद म्हणायचा, "हो. हो रे बाबा."

दवाखान्याच्या दारात सगळ्यांना उतरवून तो चालत ठाण्यावर गेला. त्या दिवशी त्याने हात धुतले नाहीत.

छिंदवाड्याच्या कोर्टात माझी साक्ष झाली. जे पाहिलं ते सांगितलं. उस्तादाच्या वकिलाने म्हाताऱ्याचं फुटलेलं डोकं, जाळलेली मोटार, सगळं काढलं. पण न्यायाधीशांनी उस्तादालाच विचारलं, काही सांगायचं आहे का. तो म्हणाला, "बाईनं सांगतलं थे खरं हाये." त्याला काही वर्षांची सक्तमजुरी झाली. भगवानचा डोळा गेला, त्याबरोबर ड्रायव्हरीही. ज्या आठवड्यात त्याच्या डोळ्याची पट्टी सुटली, त्याच आठवड्यात शेटने त्याला कामावरून काढलं. पुढे तो रामाकोन्याहून संत्री आणून विकू लागला असं ऐकलं.

उस्ताद आत असतानाच राज्यं नव्याने वाटली गेली. नागपूर मुंबईकडे गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. ज्या नागपुरात आमची लग्नं, आजारपणं आणि संत्र्यांचे सौदे होत, ते एका दुपारीत परराज्य झालं. राजधानी भोपाळ, जी आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. सौंसरच्या पुढे नव्या सरहद्दीवर रस्त्यात एक आडवा बांबू आला. इकडची मोटार बांबूपर्यंत, तिकडची बांबूपासून. जे एक भाडं होतं त्याची दोन झाली, आणि दोन्ही मिळून पहिल्यापेक्षा जास्त. शेटच्या मोटारी तोवर नागपूरपर्यंत जाऊ लागल्या होत्या, ते परवाने रद्दी झाले. बांबूपाशी उतारूंसाठी दोन्हीकडच्या माणसांत रोज हाणामाऱ्या. एका लग्नाला जाताना मीच तिथे अडकले होते. सायकलच्या साखळ्या, विटा, फुटलेल्या काचा, एक माणूस कान धरून रस्त्याच्या मधोमध गोल गोल फिरत होता आणि दोन्हीकडचे ड्रायव्हर "नागपूर! नागपूर!" म्हणून ओरडतच होते.

त्याच सुमाराला उस्ताद सुटून आला. केस पांढरे, कोट सैल. आठ दिवसांत शेटची जीप त्याच्या दारात. मी माझ्या ओसरीवर होते, सगळं ऐकू येत होतं.

"झालं गेलं विसर नामदेव," शेट म्हणाला. "बांबूपाशी मला तुझ्यासारखा माणूस पाहिजे. ते तिकडचे लोक माझी एक मोटार धड ठेवत नाहीत. तू नुसता उभा राहिलास तरी पुरे. पगार देईन. मोटारही तुझ्या नावावर करून देईन एक."

सुभद्रा दारात येऊन उभी राहिली. घरात त्या दिवशी पीठ नव्हतं हे मला माहीत होतं, कारण सकाळी तिने माझ्याकडून नेलं होतं.

उस्तादाने आपल्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "शेटजी, मोटार तुमी जाळली. भाव तुमी चढवला. मारायचं तुमाले होतं. अन् मी फोडला त्या पोराचा डोळा, जो रोजीवर चाक धरून बसला होता. तुमचं काम त मी फुकटात करून देलं. आता पगार देऊन कोणाचा फोडू?"

शेट हसायला गेला, पण हसला नाही. "विचार कर," म्हणाला.

"जेलात तेच करून राहिलो होतो. तुमी जा. माहा हात अजून माह्या कह्यात नाई राह्यत."

जीप निघून गेल्यावर उस्तादाने ओसरीच्या खांबावर इतक्या जोरात मूठ मारली की वरची कौलं हलली. मग आत गेला. दुसऱ्या दिवसापासून तो रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जाऊ लागला. पांढुर्णा-सौंसर रस्ताच रुंद होत होता. त्या फोडलेल्या गिट्टीवरून कोणाच्याही मोटारी जाणार होत्या. त्याबद्दल त्याला मी कधी विचारलं नाही.

नंतर सरकारी मोटारी आल्या. भाडं छापील, बाजाराच्या दिवशीही तेच. शेटने मोटारी विकून कापसाच्या जिनिंगमध्ये लक्ष घातलं. माझी बदली ठरली होती, त्यामुळे मोहगावला मी शेवटच्या काही फेऱ्या करत होते.

त्यातल्या एका सकाळी मी पांढुर्ण्याला सरकारी मोटारीत चढले. भगवान मधल्या बाकावर होता. उजवा डोळा मिटलेला, त्यावर कातडी ओढल्यासारखी. संत्र्यांची टोपली शेजारच्या जागेवर ठेवली होती. मला ओळखून त्याने मान हलवली. मोटार भरून सुटली आणि तिगावच्या फाट्यावर गिट्टीच्या ढिगाजवळून उस्तादाने हात दाखवला.

तो चढला आणि समोरच त्याला भगवान दिसला. तो तिथेच थबकला. बाकी कुठेही जागा नव्हती.

"चला, बसा बुवा," कंडक्टर म्हणाला. "टोपली कोणाची? उचला."

"राहू दे," उस्ताद म्हणाला. "मी उभाच ठीक आहो."

"उभं राहता येत नाही. नियम आहे. नाहीतर खाली उतरा."

उस्ताद उतरायला वळला. मोटारीतले निम्मे लोक या दोघांना ओळखत होते. भगवानने एका डोळ्याने त्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं. त्याच्या जबड्याची हाडं हलत होती. मला वाटलं, थुंकेल. त्याने टोपली दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

उस्ताद बसला. बाकाच्या अगदी कडेला, अर्ध्या अंगाने. कंडक्टरने दोघांची सौंसरची तिकिटं फाडली, उस्तादाला तिथे मजुरी आणायला जायचं होतं. रस्ता तेव्हा पुरता झाला नव्हता, खड्डे होते, आणि प्रत्येक खड्ड्याला ती जड टोपली भगवानच्या मांडीवरून घसरायची, तो ती सावरायचा. दोन-तीनदा तसं झालं. मग उस्तादाने वाकड्या बोटांचा हात पुढे केला आणि टोपलीची एक कड धरली. भगवानने त्या हाताकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं. टोपली ओढून मात्र घेतली नाही.

मोहगावला मी उतरले. मोटार सौंसरकडे निघाली तेव्हा मागच्या काचेतून त्यांची डोकी दिसत होती, दोन्ही ताठ, मध्ये वीतभर अंतर. ती धुळीत दिसेनाशी होईपर्यंत मी थांब्यावर उभी होते. कोणीही कोणाकडे वळून पाहिलं नाही.